तुओल स्लेंग आणि चोअंग एक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडून कंबोडियाला जाणारे बहुतेक जण अंकोर वाट पाहायला जातात. सिएम रीपमध्ये दोन-तीन मुक्काम होतात, मग व्हिएतनामच्या वाटेवर राजधानी नोम पेन्हमध्ये एक रात्र. त्या एका दिवसात राजवाडा, नदीकाठ, बाजार आणि 'जेनोसाइड म्युझियम' असं सगळं बसवलेलं असतं. टूरच्या कागदावर म्युझियमपुढे तास-दीड तास लिहिलेला असतो. तेवढ्या वेळात चार खोल्या बघून हादरून बाहेर येता येतं, पण कळत काहीच नाही.

तुओल स्लेंग, म्हणजे हेच म्युझियम, ही पुराव्याची जागा आहे. फोटो, नोंदी, कबुलीजबाब, बेड्या, भिंतींवर लिहिलेले कोठड्यांचे आकडे, सगळं मारणाऱ्यांनीच मागे ठेवलेलं. ते वाचायला वेळ लागतो आणि थोडी तयारीही. ती तयारी कशी करायची आणि तिथे पोहोचल्यावर काय कसं पाहायचं, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

१. जाण्यापूर्वी एवढा इतिहास डोक्यात असू द्या

ख्मेर रूज म्हणजे कंबोडियाचे कम्युनिस्ट. 17 एप्रिल 1975 रोजी त्यांनी नोम पेन्ह ताब्यात घेतलं आणि काही दिवसांत अख्खं शहर रिकामं केलं. युद्धामुळे आलेल्या निर्वासितांसह तेव्हा तिथे वीस लाखांच्या आसपास माणसं होती. दवाखान्यातले रुग्णसुद्धा रस्त्यावर काढले गेले. पैसा रद्द झाला, बाजार, शाळा, विहार बंद झाले आणि सगळ्यांना खेड्यात नेऊन शेतावर आणि कालव्यांवर राबवलं गेलं. 7 जानेवारी 1979 ला व्हिएतनामी सैन्य नोम पेन्हमध्ये शिरलं. तोवर उपासमार, आजार, अतिश्रम आणि हत्या यांत 17 ते 20 लाख लोक गेले होते, म्हणजे देशातला जवळजवळ दर चौथा माणूस.

त्या काळात देशभर दोनशेच्या आसपास तुरुंग होते. त्यांतला सगळ्यात वरचा, थेट पक्षाच्या केंद्राला जोडलेला तुरुंग म्हणजे एस-21. तो 1960च्या दशकात बांधलेल्या एका हायस्कुलात थाटला होता, आणि तेच आजचं तुओल स्लेंग. तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक एआव, टोपणनाव डुच, हा पूर्वी गणिताचा मास्तर होता. कैद्याचं नाव, फोटो, कबुलीजबाब, सगळं तो फाइलीत लावून घेई, कबुलीजबाब स्वतः वाचून समासात शेरे मारी. पळून जाण्याच्या गडबडीत ही कागदपत्रं जाळायची राहून गेली, म्हणूनच आज आपण ती पाहू शकतो.

एस-21 मध्ये आणलेल्यांपैकी मोठा भाग ख्मेर रूजच्या स्वतःच्या माणसांचा होता: कार्यकर्ते, सैनिक, अधिकारी आणि त्यांच्याबरोबर उचललेली बायकामुलं. ही गोष्ट आधी माहीत नसेल तर आतली दालनं पाहताना गोंधळ उडतो. कालचा पहारेकरी आज कैदी झाल्याची उदाहरणं तिथे आहेत, आणि पहारेकरी बहुतेक खेड्यांतून आणलेली पंधरा ते वीस वर्षांची पोरं होती. शिक्षक, डॉक्टर, परदेशातून बोलावणं आल्यावर उत्साहाने परतलेले विद्यार्थी, व्हिएतनामी, काही पाश्चात्त्य खलाशी, हेही होते. कैद्यांच्या नोंदींत भारतीय आणि पाकिस्तानी नागरिकांचाही उल्लेख येतो.

आकड्यांबद्दल एक सूचना. न्यायालयाने नावानिशी धरलेला किमान आकडा 12,272 आहे, संग्रहालयात आणि इतरत्र अठरा हजारांपर्यंतचे आकडे दिसतील. यात विसंगती वाटून घेऊ नका. पहिला आकडा उपलब्ध याद्यांवरून सिद्ध झालेला आहे, दुसरा अंदाज आहे. जिवंत वाचलेले म्हणून जे माहीत आहेत ते डझनभर.

खटल्याबद्दलही थोडं वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कंबोडियात विशेष न्यायालय बसलं ते 2006 मध्ये. डुचला 2010 मध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली, 2012 मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली आणि 2020 मध्ये तो कैदेतच मेला. नुओन चिआ आणि खिउ साम्फान या दोन बड्या नेत्यांना 2018 मध्ये वंशहत्येसाठीही दोषी ठरवलं गेलं. ख्मेर रूजचा सर्वोच्च नेता पोल पोट मात्र 1998 मध्येच मेला. या न्यायालयापुढे तो कधी उभा राहिला नाही.

भारताचा संबंधही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ख्मेर रूज हटल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची अनेक वर्षं त्यांच्याच प्रतिनिधींकडे राहिली, कारण नवं सरकार व्हिएतनामच्या पाठिंब्यावर उभं होतं. 1980 मध्ये भारताने त्या नव्या सरकारला मान्यता दिली. कम्युनिस्ट नसलेल्या देशांत असं करणारा भारत पहिला. पुढे 1986 ते 1993 आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं अंकोर वाटच्या दुरुस्तीसाठी तिथे राबली, तीही देशात यादवी चालू असताना. जुनी माणसं भारताचं नाव घेतल्यावर आपुलकीने बोलतात, त्यामागे हेही आहे.

२. दिवस निवडा आणि तो मोकळा ठेवा

तुओल स्लेंग शहरात आहे. चोअंग एक, म्हणजे एस-21 चे कैदी जिथे नेऊन मारले आणि पुरले ती जागा, शहरापासून साधारण 15 किलोमीटरवर. दोन्ही एकाच दिवशी पाहायची असतील तर क्रम बदलू नका: सकाळी तुओल स्लेंग, दुपारी चोअंग एक. कैद्यांचा प्रवास याच दिशेने झाला. उलट क्रमाने गेलात तर चोअंग एकला नुसती खड्ड्याखड्ड्यांची हिरवळ दिसेल, कारण त्या खड्ड्यांत कोण आहे हे तुम्हाला अजून माहीत नसेल.

तुओल स्लेंगला तीन तास धरा, चोअंग एकला दोन, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ. संध्याकाळी काहीही ठरवू नका. नदीतली जेवणाची क्रूझ त्याच संध्याकाळी ठेवणाऱ्या सहली असतात. शक्य असेल तर ती दुसऱ्या दिवशी ढकलायला सांगा. दोन दिवस हाताशी असतील तर दोन जागा दोन सकाळी पाहणं सगळ्यात चांगलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा अंगावर येतो. एप्रिलच्या मध्यावर ख्मेर नववर्ष असतं, तेव्हा शहर गावाला गेलेलं असतं. 20 मे हा स्मृतिदिन आहे, त्या दिवशी चोअंग एकला कार्यक्रम होतो आणि गर्दीही. भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात तिथे पचुम बेन पाळतात, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या पितृपक्षाचेच दिवस. घरची माणसं पहाटे अंधारात विहारात जाऊन पितरांसाठी भाताचे पिंड ठेवतात. ज्यांचा देह कधी सापडला नाही, ज्यांच्या मृत्यूची तिथी घरच्यांना ठाऊक नाही, अशांचं नावही या दिवसांत घेतलं जातं. शेवटचे तीन दिवस सुट्टी असते, दुकानं आणि रिक्षा कमी मिळतात. त्या दिवसांत गेलात तर पहाटे एखाद्या विहारात मागे उभं राहून हे जरूर पाहा. तुओल स्लेंगमधले फोटो त्यानंतर परक्या माणसांचे राहत नाहीत.

निघण्याआधी दोन गोष्टी तपासा. भारतीयांना व्हिसा लागतो, तो ऑनलाइन काढता येतो. आणि 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाल्याने जमिनीवरची नाकी बंद झाली, तेव्हा बँकॉकहून बसने जायचा बेत असेल तर आधी भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा. विमानं सप्टेंबर 2025 पासून शहराबाहेरच्या नव्या टेचो विमानतळावर उतरतात. जुन्या लेखांत विमानतळ शहराला लागून असल्याचं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

३. पोशाख, पैसे, पोट

खांदे आणि गुडघे झाकतील असे सैल सुती कपडे घाला. दोन्ही जागांना स्मशानाचा मान आहे. चोअंग एकच्या स्तूपात चपला-बूट काढावे लागतात, म्हणून पटकन निघणारं पायताण बरं. डॉलर सगळीकडे चालतात, पण फाटकी, शाई लागलेली किंवा कडा कुरतडलेली नोट कोणी घेत नाही. मुंबई-पुण्यात डॉलर घेताना कोऱ्या आणि लहान नोटा मागून घ्या. सुटे पैसे स्थानिक रिएलमध्ये परत मिळतात, एका डॉलरला साधारण चार हजार.

उपाशी जाऊ नका. इडली, फळं, टोस्ट असं हलकं काहीतरी सकाळी पोटात असू द्या. भरपेट खाऊनही जाऊ नका. पाण्याची बाटली आणि इलेक्ट्रालचं पाकीट जवळ ठेवा. उकाडा आणि मनावरचा ताण एकदम आला की चक्कर येते.

४. पोहोचणं आणि तिकीट

नोम पेन्हच्या रस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत. संग्रहालय 113 आणि 350 क्रमांकाच्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. चालकाला 'एस-ट्वेंटीवन' म्हटलं तरी कळतं. ग्रॅब किंवा पासॲप ही ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा, टुकटुकचं भाडं आधीच दिसतं आणि घासाघीस टळते. चोअंग एकला मात्र जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट रिक्षा ठरवा, कारण तिथून परतीची रिक्षा मिळेलच असं नाही.

रस्त्यावर ठरवलेला चालक बहुतेक वेळा विचारतो, "शूटिंग रेंजलाही जायचं का?" जुन्या लष्करी बंदुका पैसे घेऊन चालवायला देतात, आणि चालकाला तिथे कमिशन मिळतं. वंशहत्येच्या दोन स्मारकांच्या मध्ये हौसेने गोळ्या झाडणं मला तरी सहन होणारं नाही. हात जोडून नको म्हणा. चालकाला वाईट वाटत नाही, त्याचा तो रोजचा प्रश्न आहे.

संग्रहालय रोज सकाळी 8 ते संध्याकाळी 5 उघडं असतं. आठलाच पोहोचा. नऊनंतर बस यायला लागतात आणि अरुंद कोठड्यांत रांगा लागतात. परदेशी प्रौढांना 5 डॉलर तिकीट आणि ऑडिओ गाइडचे आणखी 5, असे दर गेली काही वर्षं आहेत. ऑडिओ गाइड घ्याच. आतल्या खोल्यांत मुद्दामच फार कमी मजकूर लावलेला आहे, त्यामुळे काही न ऐकता फिरलं तर रिकाम्या खोल्यांमागून रिकाम्या खोल्या दिसतात. सोबतचं कोणी इंग्रजीला बिचकत असेल तर रात्री हॉटेलात बसून वरचा इतिहास त्यांना मराठीत नीट सांगा. आत गेल्यावर कानात कुजबुजत भाषांतर करणं दोघांनाही जड जातं.

माणूस गाइड हवा असेल तर तिकीट खिडकीजवळ मिळतो. पन्नाशीच्या पुढचे काही गाइड त्या काळातून स्वतः गेलेले असतात. ते जे स्वतःहून सांगतील ते ऐका. "तुमच्या घरातले किती गेले?" हे विचारू नका.

५. आत: चार इमारती

फाटकातून आत आल्यावर दिसते ती शाळाच. मधे मैदान, भोवती तीन मजली इमारती, लांबलचक व्हरांडे, मैदानात चाफ्याची झाडं. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा एखाद्या जुन्या संस्थेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला हा आराखडा पाठ असतो, आणि म्हणूनच तो इतका बोचतो. पहिली पाच मिनिटं बाकावर बसा, ऑडिओ गाइडची ओळख ऐका, फाटक आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवा.

चाफ्याखाली चौदा पांढऱ्या कबरी आहेत. जानेवारी 1979 मध्ये व्हिएतनामी सैन्याबरोबर आलेले छायाचित्रकार दुर्गंधीच्या मागाने इथवर पोहोचले, तेव्हा 'ए' इमारतीत त्यांना जे शेवटचे चौदा मृतदेह सापडले, ते इथे आहेत. त्यांतला एक स्त्रीचा होता.

'ए' इमारतीत महत्त्वाच्या कैद्यांची चौकशी होई. खोलीत एक लोखंडी पलंग, त्यावर बेडी, शेजारी दारूगोळ्याची पत्र्याची पेटी, जी कैद्याला शौचासाठी दिलेली असे. भिंतीवर एकच मोठा फोटो: त्याच खोलीत, त्याच पलंगावर, त्या दिवशी काय सापडलं त्याचा. खाली पाहा, शाळेच्या फरश्या आहेत, पिवळसर आणि पांढऱ्या चौकटींच्या. पलंगाला, बेडीला हात लावू नका. अशा दहाएक खोल्या आहेत. सगळ्या पाहायलाच हव्यात असं नाही. एका खोलीत दोन मिनिटं उभं राहणं दहा खोल्यांत डोकावण्यापेक्षा बरं.

बाहेर मैदानात शाळेचा व्यायामाचा उंच लाकडी सांगाडा आहे. मुलं ज्याला लोंबकळून कसरत करत, त्यालाच कैद्यांना उलटं टांगत. शेजारी पाण्याचे मोठे रांजण. शुद्ध हरपलेल्या माणसाला त्यात बुडवून जागं करत आणि पुन्हा प्रश्न विचारत.

'बी' इमारतीत फोटो आहेत, आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. प्रत्येक कैद्याचा आल्याबरोबर फोटो काढत. डोकं हलू नये म्हणून मागे टेकण असलेली खुर्ची होती, ती पाहायला मिळते. छातीवर आकडा. काहींच्या सदऱ्याला, काहींच्या गळ्यातल्या दोरीला अडकवलेला. फोटोंच्या ओळीमागून ओळी आहेत, आणि डोळे झरझर सरकू लागतात. तसं होऊ देऊ नका. एक ओळ निवडा आणि प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबा. कोणी भेदरलेलं आहे, कोणी कॅमेऱ्याकडे रागाने पाहतं, एक-दोघे ओठांच्या कडेने हसतातही, कारण डोळ्यांवरची पट्टी नुकतीच सुटलेली असते आणि आपण कुठे आहोत हे त्यांना ठाऊक नसतं. बाळाला मांडीवर घेतलेल्या बाईचा एक फोटो आहे. तिच्यापुढून लोक खाली मान घालून जातात.

याच कैद्यांत हाउत बोफाना होती. नवऱ्याला लिहिलेली तिची प्रेमपत्रं पकडली गेली आणि तिच्या फाइलीत लागली. रामायण कंबोडियाचंही आहे, तिथे त्याला रिआमकेर म्हणतात, आणि बोफाना त्या पत्रांत स्वतःला सीता म्हणवून घेत असे. अनेक महिने कोंडून, पुन्हा पुन्हा कबुलीजबाब लिहायला लावून, मार्च 1977 मध्ये तिला आणि तिच्या नवऱ्याला मारलं. कबुलीजबाब म्हणजे काय, हेही इथे समजून घ्या. शेतकऱ्याच्या पोराने लिहून दिलेलं असे की मी सीआयएचा हस्तक आहे, केजीबीचाही आहे आणि व्हिएतनामचाही. शेवटी साथीदारांची यादी, आणि मग त्या यादीतल्या लोकांना पकडायला गाडी जाई. असा तो कारखाना चालू राहिला.

'सी' इमारतीला व्हरांड्यांवर काटेरी तारांचं जाळं आहे. कैद्यांनी वरून उडी टाकून जीव देऊ नये म्हणून ते लावलं होतं. आत वर्गखोल्यांत विटांच्या कच्च्या भिंती घालून कोठड्या केल्या आहेत, जेमतेम पाऊण-एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. वरच्या मजल्यावर त्या लाकडी फळ्यांच्या आहेत. एका कोठडीतून दुसरीत जाता यावं म्हणून वर्गांच्या मधल्या भिंती फोडल्या आहेत, त्या भगदाडांच्या कडा अजून तशाच खडबडीत आहेत. काही खोल्यांत फळा दिसतो. अरुंद जागेत ज्यांना कोंडल्यासारखं वाटतं अशांनी ही इमारत बाहेरूनच पाहावी.

'डी' इमारतीत छळाची साधनं आहेत आणि त्यांच्या शेजारी वान नाथ यांनी काढलेली चित्रं. वान नाथ चित्रकार होते. पोल पोटची चित्रं काढता येतात म्हणून त्यांना जिवंत ठेवलं गेलं, बू मेंग यांनाही तसंच. चुम मेय मेकॅनिक होते, त्यांनी शिवणयंत्रं आणि टंकलेखन यंत्रं दुरुस्त करून दिली, म्हणून ते वाचले. पण सुटकेच्या गोंधळात त्यांची बायको आणि तान्हा मुलगा मारले गेले. वान नाथ 2011 मध्ये गेले. आपण पाहिलेलं आणि भोगलेलं त्यांनी कागदावर उतरवलं नसतं, तर त्या लोखंडी सामानाचं काय काम होतं ते आपल्याला कळलं नसतं. कवट्यांनी बनवलेला कंबोडियाचा नकाशा पूर्वी इथे भिंतीवर होता, 2002 मध्ये तो काढून टाकला. योग्यच केलं.

हे संग्रहालय पहिल्यांदा मांडलं ते व्हिएतनामी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, आणि आपलं आक्रमण न्याय्य होतं हे जगाला दाखवण्याचा त्यांचा हेतूही त्यात होता. मांडणीवर त्यामुळे टीका होते. ती टीका माहीत असावी. फोटो आणि फाइली मात्र ख्मेर रूजच्याच हातच्या आहेत, त्यांच्या खरेपणावर तिने ओरखडा उठत नाही.

शेवटी मैदानातल्या स्तूपापाशी या. भोवती शिळांवर हजारो नावं कोरलेली आहेत. ख्मेर लिपी आपल्याला वाचता येत नाही, तरी शिळांना एक फेरी घाला.

वाचलेल्यांपैकी काही जण अनेक वर्षं या आवारात टेबल मांडून बसत आले आहेत, आपल्या आठवणींचं पुस्तक विकत. भेट झाली तर आधी नमस्कार करा. तिथेही हात जोडूनच अभिवादन करतात आणि मोठ्यांपुढे हात जरा वर नेतात. पुस्तक घ्या. फोटो काढायचा तर विचारून.

६. कॅमेऱ्याबद्दल

काही दालनांत फोटोला बंदी आहे, पाट्या आहेत. हसू नका अशी खूणही लावलेली आहे, हसणाऱ्या चेहऱ्यावर काट मारलेली. जिथे परवानगी आहे तिथेही कैद्यांचे फोटो मोबाइलवर टिपून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. त्या माणसांनी तो फोटो स्वेच्छेने काढून घेतला नव्हता, आणि त्यांची भावंडं, मुलं आजही जिवंत आहेत. 2021 मध्ये एका परदेशी कलाकाराने या फोटोंना रंग भरताना काही चेहऱ्यांवर हसू चढवलं. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने तीव्र निषेध केला आणि ती चित्रं मागे घ्यावी लागली. त्या कुटुंबांना काय वाटलं असेल याचा विचार सेल्फी काढण्याआधी करा.

७. मुलं आणि वडीलधारी

चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं संग्रहालयच सुचवतं. माझं मतही तेच आहे. आई-बाबांपैकी एकाने मुलांना घेऊन राष्ट्रीय संग्रहालयात किंवा नदीकाठी जावं, दुसऱ्याने इथे यावं, मग अदलाबदल. मोठ्या मुलांना मात्र जरूर आणा, आधी सगळं सांगून, आणि "नको वाटलं तर लगेच बाहेर पडायचं" हे ठरवून.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तळमजलाच पाहावा. महत्त्वाचं बरंचसं तिथे आहे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा मन आधीच नाजूक असेल तर ही भेट पुढच्या प्रवासावर टाकलेली बरी.

८. दुपारी चोअंग एक

पूर्वी ही फळबाग होती, शेजारी चिनी लोकांची दफनभूमी. रात्री ट्रक भरून कैदी आणत. गोळ्या महाग म्हणून कुदळी, लोखंडी दांडे, बांबू असं हाताला येईल ते वापरत. 129 सामूहिक खड्डे आढळले, 1980 मध्ये त्यांतले 86 उघडले तेव्हा 8,985 जणांचे अवशेष निघाले. उरलेले खड्डे तसेच राहू दिले आहेत.

इथे तिकीट आणि ऑडिओ गाइड मिळून 6 डॉलर आहेत. ऑडिओतला आवाज त्या काळातून वाचलेल्या माणसाचा आहे, आणि तो ऐकत प्रत्येक जण एकेकटा, न बोलता चालतो. फार गर्दी असली तरी आवारात शांतता असते. आखलेल्या वाटेवरूनच चाला, लाकडी फळ्यांचा मार्ग सोडू नका. पावसाळ्यानंतर मातीतून हाडांचे तुकडे आणि कपड्यांच्या चिंध्या अजून वर येतात. असं काही दिसलं तर स्पर्श करू नका, उचलू नका. तिथली माणसं ते वेळोवेळी गोळा करून ठेवतात.

दोन झाडांपाशी सावध राहा. एकावर लहान मुलांना आपटून मारलं. दुसऱ्याला कर्णा टांगला होता, किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून मोठ्याने क्रांतिगीतं लावत. ऑडिओत तिथे ते गाणं आणि जनरेटरची घरघर एकत्र ऐकवतात. सहन होत नसेल तर तो भाग वगळा. झाडाभोवती आणि खड्ड्यांच्या कुंपणावर पर्यटकांनी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांचे, ब्रेसलेटचे झुबके दिसतील. भावना खरी असते, पण तिथली रीत फुलं आणि उदबत्तीची आहे. स्तूपापुढे दोन्ही मिळतं. पायताण काढा, उदबत्ती लावा, मग आत जा. काचेमागे थरांवर थर कवट्या आहेत. इथे रेंगाळायची गरज नाही.

युनेस्कोने 11 जुलै 2025 रोजी पॅरिसच्या बैठकीत तुओल स्लेंग, चोअंग एक आणि एम-13 ही तीन ठिकाणं जागतिक वारशात घेतली. आपले रायगड, राजगड, शिवनेरी आणि इतर मराठा किल्ले यादीत गेले तेही त्याच दिवशी, त्याच बैठकीत. एम-13 म्हणजे सत्तेवर येण्याआधी डुच जिथे तुरुंग चालवत होता ती कंपोंग छ्नांग प्रांतातली जागा. पाहण्यासारखं तिथे फार थोडं उरलं आहे, पहिल्या खेपेला तिकडे वाट वाकडी करू नका.

९. परतल्यावर

बाहेर आल्या आल्या चालकाशी किंवा हॉटेलच्या माणसांशी "भयंकर हो तुमच्या देशात" असं सुरू करू नका. त्या देशात कलावंत आहेत, वकील आहेत, बॉक्सर आहेत, निम्म्याहून अधिक लोकसंख्या त्या काळानंतर जन्मलेली आहे. ते बोलले तर ऐका. नाही बोलले तर जेवण, पाऊस, मुलांच्या शाळा यांवर बोला.

त्या रात्री झोप नीट लागत नाही असं अनेकांचं होतं. सोबत्यांशी बोला. गटात एखादा गप्प झाला असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि चेष्टेवारी नेऊ नका.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर नोम पेन्हमधल्या बोफाना केंद्रात जा. चित्रपटकार रिथी पान्ह यांनी 2006 मध्ये ते सुरू केलं, नाव त्याच बोफानाचं. ख्मेर रूजपूर्वीच्या कंबोडियाच्या फिती, गाणी, फोटो तिथे फुकट पाहता-ऐकता येतात. 1960च्या दशकातली नोम पेन्हची नाचगाणी, भरलेली सिनेमाघरं, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुली. तुओल स्लेंगच्या फोटोंतली माणसं तुरुंगात येण्याआधी कुठल्या जगात राहत होती ते तिथे दिसतं.

आणि घरी आल्यावर: तुओल स्लेंगची कागदपत्रं 2009 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत आहेत, आणि आता त्यांचं डिजिटायझेशन होऊन ती इंटरनेटवर शोधता येतात. तिथे एखादा चेहरा मनात राहिला असेल तर त्याचा आकडा टिपून आणा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून त्याचं नाव, गाव, पकडल्याची तारीख सापडते का ते पाहता येईल.